बारवांचे आणि वीरगळांचे रॉ फोटो: कोणत्या फॉरमॅटमध्ये काढायचे, कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे?

बारववाट

नमस्कार मंडळी,

परभणी, सेलू, जिंतूर भागात आमचा हौशी लोकांचा एक छोटा गट आहे. सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊन बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), वीरगळ (वीरांच्या स्मारकशिळा), सतीशिळा, पडक्या देवळांतले शिलालेख यांचे फोटो काढतो. वालूरची चक्राकार बारव, चारठाण्याची देवळं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण आसपासच्या खेड्यांत असं कितीतरी पडून आहे ज्याचा एकही धड फोटो कुठं सापडत नाही. रस्ता रुंद होताना शिळा हलते, फुटते, कुणीतरी भक्तिभावाने तिच्यावर ऑइलपेंट लावून टाकतो आणि अक्षरं कायमची बुजतात. म्हणून जे उभं आहे त्याची नोंद आत्ताच चांगली व्हावी, एवढीच इच्छा.

आमच्याकडे कॅननचा २००डी मार्क टू आणि निकॉनचा डी५६०० असे दोन कॅमेरे आहेत. एका जाणकार मित्राच्या सांगण्यावरून सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलींत काढलं. आता सीआर३ (कॅननची रॉ) आणि एनईएफ (निकॉनची रॉ) फाईलींचा ढीग झाला आहे. गावच्या वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर त्यातली एकही उघडत नाही. शाळेतले सर व्हॉट्सॲपवर मागतात, ग्रामपंचायतीला फ्लेक्ससाठी हवेत, शिवाय एक छोटी पुस्तिका छापायची आहे. सगळं जेपेग करून मोकळं व्हावं का? की टिफ? की डीएनजी म्हणतात ते? डिस्कवर जागा फार नाही, म्हणून रूपांतर झाल्यावर मूळ फाईली उडवाव्यात असंही गटात काहीजण म्हणतायत. अनुभवी लोकांनी सांगावं.

जालना_स्टुडिओ

दादा, बाकी काहीही करा, मूळ फाईली उडवू नका. हार्ड डिस्क आणखी एक घेता येते, ती शिळा फुटली की परत फोटो निघत नाही.

मी लग्नाची कामं करतो. हळदीच्या कार्यक्रमात रॉ किती उपयोगाची असते ते रोज बघतो. मांडवात एका बाजूला ट्यूबलाइट, दुसऱ्या बाजूला गुलाबी एलईडी आणि मध्ये नवरदेव नखशिखांत पिवळा. कॅमेऱ्याने स्वतः बनवलेल्या जेपेगमध्ये त्या पिवळ्याचा सपाट पट्टा होऊन बसतो, गालावरची हळद आणि कातडी वेगळी दिसत नाही. त्याच फोटोची रॉ उघडली, व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगानुसार फोटोचे रंग जुळवणं) बदलला, थोडं एक्स्पोजर खाली घेतलं की हळदीचा पोत परत येतो. जेपेगवर हेच करायला गेलं तर रंग फाटतात. अल्बम लॅबला शेवटी मी जेपेगच पाठवतो, एसआरजीबीमध्ये (सगळ्या स्क्रीनवर चालणारी रंगांची ठरलेली मांडणी). पण रॉ माझ्याकडे राहते.

परळीचा_विद्यार्थी

एक शंका. फाईलचं नाव बदलून शेवटी सीआर३ च्या जागी जेपीजी लिहिलं तर होत नाही का? आमच्या कॉलेजात एकजण तसंच करतो म्हणे. आणि माझ्या फोनमध्ये प्रो मोडला रॉ येतं, ते डीएनजी असतं. ते आणि कॅमेऱ्याचं रॉ एकच का?

गोदातीर_नांदेड

नाव बदलल्याने आत काहीच बदलत नाही. उघडणारा प्रोग्राम गोंधळतो एवढंच. मी जरा सविस्तर लिहितो, कारण रॉमध्ये काय असतं हे एकदा कळलं की कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांचा फोटो ६००० बाय ४००० टिंबांचा (पिक्सेलचा), म्हणजे साधारण २.४ कोटी टिंबं. पण सेन्सरवरचं प्रत्येक टिंब एकच रंग मोजतं. त्यावर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही मांडणी काढली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच आहे. निम्मी टिंबं हिरवी, पाव लाल, पाव निळी. म्हणजे तुमच्या एका फोटोत १.२ कोटी ठिकाणी फक्त हिरवा मोजलेला आहे, ६० लाख ठिकाणी लाल आणि ६० लाख ठिकाणी निळा. रॉ फाईल म्हणजे हे मोजलेले आकडे. त्याचं चित्र अजून झालेलंच नाही. उरलेले रंग शेजारच्या टिंबांवरून हिशेबाने भरायचे, मग व्हाइट बॅलन्स, मग कॉन्ट्रास्ट, मग शार्पनिंग, मग आवाज कमी करणं. आवाज म्हणजे अंधाऱ्या भागात दिसणारे रंगीत दाणे, त्यांना नॉइज म्हणतात. हे सगळं करून चित्र बनतं. या कामाला रूपांतर म्हणायचं. म्हणून एकाच रॉमधून दोन सॉफ्टवेअर दोन वेगळे फोटो काढतात, आणि त्यात कुणाचं चुकलेलं नसतं.

दुसरी गोष्ट छटांची. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला ८ बिट, म्हणजे २५६ पायऱ्या. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. बारवेत हा फरक ढळढळीत दिसतो. दुपारी वरच्या पायऱ्यांवर ऊन मी म्हणत असतं आणि खालच्या देवकोष्ठात (मूर्तीच्या कोनाड्यात) काळोख. जेपेगमध्ये तो काळोख दोन-चार पायऱ्यांत गुंडाळलेला असतो, उजळ केला की करड्या रंगाचे ठोकळे येतात. रॉमध्ये तिथं मूर्तीचे हात, आयुधं, प्रभावळ निघते. आकाश मात्र पूर्ण पांढरं जळालं असेल तर ते रॉमधूनही येत नाही. म्हणून फोटो काढताना थोडा अंधारा काढा.

आणि जेपेग चित्राचे ८ बाय ८ टिंबांचे चौकोन पाडून त्यातला बारीक तपशील टाकून देतं. परत उघडून परत सेव्ह केलं की परत टाकतं. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही, तसं जेपेगची परत रॉ होत नाही. म्हणून रॉ उडवायचा विचार सोडा.

परळीच्या मित्रा, फोनची डीएनजीसुद्धा बहुतेक वेळा खरी रॉच असते. अँड्रॉइडने ५.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, ही सोय दिली. ॲपलचं प्रोरॉ आहे तेही डीएनजी फाईलच, पण त्यात अनेक फ्रेम आधीच एकत्र केलेल्या असतात आणि रंग भरून झालेले असतात. म्हणजे ते अर्धवट रांधलेलं. तरी जेपेगपेक्षा कितीतरी जास्त वाव त्यात असतो.

बारववाट

खूप आभार. आता डीएनजीचं सांगा. आमच्यातला एकजण म्हणतो की सगळं डीएनजी करा, उद्या कॅननचं सीआर३ कुणी उघडलं नाही तरी डीएनजी उघडेल. खरं आहे का?

जुनी_कागदपत्रं

मी छत्रपती संभाजीनगरला असते. बरीच वर्षं ग्रंथालयात काम केलं, मोडी कागदपत्रांचं डिजिटायझेशन जवळून पाहिलं आहे. त्यावरून लिहिते.

डीएनजी हे रॉ ठेवायचं फॉरमॅट फोटोशॉपवाल्या ॲडोबीने २००४ मध्ये आणलं. त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे, टिफच्याच घराण्यातली आहे. त्या काळात दर कंपनीचं रॉ वेगळं, आत काय आहे ते कंपनी सांगत नसे. २००५ मध्ये निकॉनच्या एका कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्सची माहितीच कुलूपबंद करून ठेवल्यावरून बराच वाद झाला होता. मी काढलेल्या फोटोतली माहिती मलाच वाचता येऊ नये का, हा त्या वादातला प्रश्न आजही रास्त आहे. त्या दृष्टीने डीएनजीची कल्पना चांगली. पेंटॅक्स, लायका, रिको यांनी आपल्या कॅमेऱ्यांत थेट डीएनजी दिली. कॅनन, निकॉन, सोनी यांनी आपापलंच चालू ठेवलं.

पण मूळ फाईल टाकून फक्त डीएनजी ठेवणं मला पटत नाही. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल किंवा निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, दोन्ही फुकट मिळतात आणि आपापल्या कॅमेऱ्याचे रंग सगळ्यात नेमके तेच काढतात. रूपांतर करून केलेली डीएनजी मात्र ती उघडत नाहीत. एकदा मूळ गेलं की ती वाट बंद. डीएनजी कन्व्हर्टरमध्ये मूळ रॉ डीएनजीच्या पोटात ठेवायचा पर्याय आहे, पण मग फाईल जवळपास दुप्पट होते आणि जागा वाचवायचा हेतूच जातो.

सीआर३ उद्या उघडणार नाही ही भीती मला फारशी वाटत नाही. डेव्ह कॉफिन नावाच्या एका माणसाने १९९७ पासून डीसीरॉ नावाचा प्रोग्राम एकट्याने लिहायला घेतला आणि शेकडो कॅमेऱ्यांच्या रॉ फाईली उलगडून दाखवल्या. त्याचा कोड खुला होता. त्यातूनच पुढे लिबरॉ हा रॉ वाचणारा कोड तयार झाला, आज कितीतरी सॉफ्टवेअर त्याच्यावर उभी आहेत. जे फॉरमॅट लाखो कॅमेरे वापरतात आणि ज्याचा वाचक खुल्या कोडमध्ये आहे, ते एवढ्यात मरत नाही. फोटो हरवतात ते फॉरमॅटमुळे कमी, एकुलती एक हार्ड डिस्क बंद पडल्याने जास्त.

जालना_स्टुडिओ

ताई, तुमचा मान राखून थोडं वेगळं सांगतो. धंद्यात डीएनजीने मला वाचवलं आहे. माझ्याकडे जुनं विकत घेतलेलं लाइटरूम ६ (ॲडोबीचं फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) आहे, महिन्याचे पैसे भरायचे नाहीत म्हणून मी तेच चालवतो. त्याचं शेवटचं अपडेट डिसेंबर २०१७ चं. सीआर३ आलं २०१८ मध्ये, कॅननच्या एम५० कॅमेऱ्यासोबत. म्हणजे माझं लाइटरूम सीआर३ ओळखतच नाही आणि कधी ओळखणारही नाही. ॲडोबीचं डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतं. अख्खं फोल्डर दाखवायचं, चहा पिऊन यायचं, सगळ्या डीएनजी तयार. त्या जुन्या लाइटरूममध्ये व्यवस्थित उघडतात. जुनं फोटोशॉप असलेल्या प्रत्येकाला हा रस्ता आहे.

शिवाय माझ्या एडिटिंगची नोंद डीएनजीच्या आतच राहते. रॉला ती शेजारी वेगळ्या छोट्या एक्सएमपी फाईलीत राहते, आणि फोल्डर इकडून तिकडे नेताना पोरं ती फाईल हमखास मागे सोडतात.

जुनी_कागदपत्रं

तुमचं म्हणणं योग्य आहे. जुन्या सॉफ्टवेअरसाठी पूल म्हणून डीएनजी वापरायला माझा विरोध नाहीच. डीएनजीत आणखी एक चांगली सोय आहे: चित्राच्या आकड्यांची एमडी५ खूण (त्या आकड्यांवरून काढलेला तपासणीचा आकडा) फाईलमध्येच ठेवता येते, म्हणजे पुढे फाईल सडली तर तपासून कळतं. माझं म्हणणं एवढंच की तुम्हीही मूळ सीआर३ जपून ठेवा. आणि कन्व्हर्टरमधला लॉसी कॉम्प्रेशनचा पर्याय बंद आहे ना ते बघा. त्याने फाईल बरीच लहान होते, पण त्या वेळी तपशील गेलेला असतो.

गोदातीर_नांदेड

दोघांशीही सहमत. बारववाट दादांना लाइटरूम नाही, त्यामुळे त्यांना पूल लागत नाही. थेट रॉवरून काम करावं. रॉथेरपी किंवा डार्कटेबल ही रॉवर काम करायची सॉफ्टवेअर घ्या, दोन्ही फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतात. आवृत्ती नवी घ्या. डार्कटेबलला सीआर३ वाचता येऊ लागलं ते ३.८ पासून, २०२१ च्या शेवटी. जुन्या पेनड्राइव्हवरची आवृत्ती टाकली तर सीआर३ दिसणारच नाही आणि उगाच कॅमेऱ्याला दोष द्याल. वाचनालयाच्या जुन्या कॉम्प्युटरवर हे करायला जाऊ नका, कुणाच्या तरी बऱ्या लॅपटॉपवर करा आणि तयार जेपेग तिथं द्या.

रॉथेरपीत ढिगाने काम असं होतं. एका बारवेचा, एकाच वेळी काढलेला एक फोटो उघडा. व्हाइट बॅलन्स लावा, शॅडोज (अंधारे भाग) उचला, लेन्स करेक्शन चालू करा. मनासारखं झालं की त्याचं प्रोफाइल (केलेल्या बदलांची नोंद) कॉपी करा, त्याच बारवेचे बाकी फोटो निवडा, पेस्ट करा. मग सगळे रांगेत टाका आणि रांग सुरू करा. रात्रभर चालू द्यायला हरकत नाही. उन्हातले आणि सावलीतले फोटो एका प्रोफाइलने काढू नका, दगड एकीकडे निळा आणि एकीकडे पिवळा दिसतो.

ज्यांना टर्मिनल चालतं त्यांना रॉथेरपी-सीएलआय, म्हणजे कमांड लिहून चालवायची रॉथेरपी आहे. त्याला प्रोफाइल, आउटपुट फोल्डर आणि जेपेगची क्वालिटी सांगायची, मग सगळ्यात शेवटी लहान सी हा पर्याय आणि त्यापुढे इनपुट फोल्डर. तो सी शेवटीच लागतो, मध्ये टाकला तर त्यापुढचं सगळं तो फाईलचं नाव समजतो. डार्कटेबलचंही असंच एक सीएलआय आहे.

आता कोणत्या कामाला काय. शाळेला, व्हॉट्सॲपला, वेबसाइटला: जेपेग, एसआरजीबी, लांब बाजू २०४८ टिंबं, क्वालिटी ९० च्या आसपास. पुस्तिकेला: ज्या फोटोवर अजून काम होणार आहे तो १६ बिट टिफ (तपशील न टाकता साठवणारं मोठं फॉरमॅट), बाकीचे पूर्ण मापाचे जेपेग. सगळं टिफ करू नका. तुमचा एक फोटो १६ बिट टिफमध्ये ६००० गुणिले ४००० गुणिले ६ बाइट, म्हणजे १४४ एमबी होतो. त्याची मूळ रॉ त्याच्या पाव हिश्शाच्या आत बसते आणि तिच्यात माहिती टिफपेक्षा कमी नाही, उलट निर्णय अजून मोकळे आहेत. मग टिफचा ढीग करून मिळवलं काय? पुस्तिकेतले निवडक फोटो सोडून टिफची गरज नाही.

परळीचा_विद्यार्थी

आणि ऑनलाइन कन्व्हर्टर? गुगलवर सीआर३ टू जेपीजी टाकलं की दहा साइट येतात.

गोदातीर_नांदेड

एखादी फाईल अडली तर एक वेळ ठीक. ढिगासाठी नको. प्रत्येक रॉ मोठी असते, आपल्याकडच्या नेटवर चढवायलाच दिवस जाईल. त्यातल्या काही साइट आणि काही हलकी सॉफ्टवेअर रॉ उलगडतच नाहीत. रॉच्या पोटात कॅमेऱ्याने एक तयार जेपेग प्रीव्ह्यू ठेवलेला असतो, तोच काढून हातात देतात. कॅमेऱ्यानुसार तो कधी पूर्ण मापाचा असतो, कधी लहान. सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत तो जेमतेम १६१६ बाय १०८० असतो. म्हणून कुठूनही रूपांतर केलं तरी फाईलचं माप बघायचं. ६००० बाय ४००० च्या आसपास आलं नाही तर काहीतरी चुकलंय.

तसा घाईत तो प्रीव्ह्यू कामालाही येतो. सरपंचांना आज संध्याकाळी फोटो हवेत आणि प्रोसेसिंगला वेळ नाही, अशा वेळी एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम शेकडो रॉमधले प्रीव्ह्यू क्षणात काढून देतो.

उदगीरकर_वाचक

मी बी असंच करूलालोय आमच्या भागात, म्हणून सगळा धागा वाचून काढला. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

जेपेग करताना फोटोतलं जीपीएस काढून टाका. फोनच्या फोटोत तर ठिकाण अगदी मीटरात असतं. आडरानात एकटी पडलेली मूर्ती, ना कुंपण ना राखणदार, आणि आपणच तिचा नकाशा फेसबुकवर टाकायचा? शंभर वर्षांहून जुनी मूर्ती १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते हे खरं, पण चोरीला गेल्यावर कायदा काय करणार बगा. गावाचं नाव द्यावं, अभिमानाने द्यावं, पण नेमकं ठिकाण तुमच्या मूळ फाईलीत राहू द्या. डार्कटेबलमध्ये एक्स्पोर्ट करताना ही माहिती वगळायची सोय आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं तर ते निघून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर जशीच्या तशी फाईल जाते, ठिकाणासकट.

बारववाट

हे फार मोलाचं सांगितलंत. आमच्या डोक्यात आलंच नव्हतं. आजपासून नियम केला.

जुनी_कागदपत्रं

उदगीरकर, अगदी बरोबर. ठिकाण मूळ फाईलीत असावंच, कारण वीस वर्षांनी अभ्यासकाला तेच लागणार आहे.

त्याला जोडून नावांचं सांगते. कॅननची फाईल आयएमजी ने सुरू होते, निकॉनची डीएससी ने, आणि ९९९९ नंतर परत १ पासून. दोन वर्षांत त्याच नावाच्या दोन वेगळ्या फाईली तुमच्याकडे होणार आणि एका फोल्डरमध्ये टाकताना एकीवर दुसरी बसणार. म्हणून कार्डवरून उतरवतानाच नाव बदला: आधी तारीख, मग वेळ, मग कॅमेरा, मग मूळ क्रमांक. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं निघण्याआधी जुळवून घ्या. नाव बदलायचं ते एडिटिंगच्या आधी, कारण शेजारच्या एक्सएमपी किंवा पीपी३ (रॉथेरपीची तशीच नोंद) फाईलीचं नाव रॉच्या नावाशी जुळलं तरच सॉफ्टवेअर ती उचलतं.

गाव, तालुका, कशाचा फोटो, कोणत्या दिशेने काढला, शिळेची उंची मोजली असेल तर ती, हे सगळं फोटोच्या वर्णनात मराठीतच लिहा. एक्सएमपीमध्ये देवनागरी नीट राहते. फोटोची माहिती लिहायच्या जुन्या आयपीटीसी रकान्यात मात्र कित्येकदा नुसती प्रश्नचिन्हं उमटतात. एकदा लिहून, जेपेग काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा आणि मगच सगळ्यांना लावा. मी पाहिलेल्या संग्रहांत सुंदर फोटो कितीतरी आहेत, पण कोणत्या गावचे ते आता कुणालाच सांगता येत नाही. त्या फोटोंचं काय करायचं?

बारववाट

मंडळी, रविवारी बसून रॉथेरपीवर एक फोटो करून पाहिला. एका बारवेच्या तळाशी, पाण्याच्या जरा वर, भिंतीत शिलालेखाची शिळा आहे. पाच ओळी आहेत. कॅमेऱ्याच्या जेपेगमध्ये पहिली ओळ तेवढी वाचता येत होती, खाली नुसता काळा डाग. शॅडोज उचलल्यावर तिसऱ्या ओळीपर्यंत अक्षरं आली! चंद्र आणि सूर्य कोरलेले आहेत तेही वर डाव्या बाजूला दिसले, जागेवर उभं असताना कुणाच्याच लक्षात आले नव्हते. पण चौथी आणि पाचवी ओळ मेण वितळल्यासारखी गुळगुळीत दिसते. दगडच दिसत नाही. हे कशाने?

गोदातीर_नांदेड

वा, चंद्रसूर्य! ते यावच्चंद्रदिवाकरौ (चंद्रसूर्य असेपर्यंत) वालं दानपत्र असण्याची शक्यता आहे, शिलालेखाच्या जाणकाराला नक्की दाखवा.

गुळगुळीतपणा बहुतेक नॉइज रिडक्शनचा. अंधाऱ्या भागात सॉफ्टवेअरला दगडाचा खरखरीत पोत आणि नॉइजचे दाणे यात फरक कळत नाही, ते दोन्ही पुसतं. तुम्ही असं करा: ल्युमिनन्सचं (उजेड-अंधाराचं) नॉइज रिडक्शन पूर्ण बंद, फक्त क्रोमा (रंगांचं) थोडं ठेवा. दाणे दिसतील, दिसू द्या. शिलालेखात दाणे चालतात, पुसलेलं अक्षर चालत नाही. शार्पनिंगही कमी, नाहीतर प्रत्येक कडेला पांढरी रेघ येते आणि वेलांटी आहे की दगडाची चीर ते कळत नाही. मग रंग काढून कृष्णधवल करा, लाल, हिरवा, निळा यांचं प्रमाण बदलून बघा. शेवाळ हिरवं आणि दगड काळपट असेल तर हिरवा वाढवल्यावर शेवाळ उजळतं आणि कोरलेला भाग वेगळा दिसतो. ही आवृत्ती टिफमध्ये काढून वाचणाऱ्याला द्या, जेपेग नको. जेपेगच्या ८ बाय ८ चौकोनांची गिचमिड नेमकी अक्षरांच्या कडेलाच होते.

आणि जमलं तर परत एकदा जा. कडेने तिरपा उजेड टाकून काढा. एकाने टॉर्च शिळेला जवळजवळ चिकटवून बाजूने धरायची, कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्लॅश बंद. डावीकडून एक, उजवीकडून एक, वरून एक. रॉमधून जे निघत नाही ते तिरप्या उजेडात निघतं. अक्षरांत खडू किंवा हळदपिंजर भरून काढायचा मोह काहींना होतो, तो कृपा करून टाळा.

जालना_स्टुडिओ

पुस्तिकेसाठी छापखान्याचं विचारून ठेवा. छपाई चार रंगांत, सीएमवायकेमध्ये होते, तुमचा फोटो आरजीबीत असतो. हे रूपांतर तुम्ही घरी अंदाजाने करू नका, छापखान्याला त्यांचं रंगांचं प्रोफाइल माहीत असतं. त्यांना एसआरजीबीच द्या आणि एका पानाचा नमुना मागा. काळ्या दगडाचे फोटो कागदावर हमखास आणखी काळे होतात, त्यामुळे स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा जरा उजळच ठेवा.

मापाची काळजी नको. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० टिंबं) अख्खं ए४ पान भरायला २४८० बाय ३५०८ टिंबं लागतात, तुमच्या फोटोत त्याहून बरीच जास्त आहेत. फ्लेक्सला तर त्याहूनही कमी डीपीआय पुरतो, कारण तो लांबून बघतात. एक लक्षात ठेवा, ॲडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगमांडणीत काढलेला जेपेग कुणाला पाठवू नका. ज्या फोनमध्ये, ज्या ॲपमध्ये प्रोफाइल वाचलं जात नाही तिथं तो मेलेल्या रंगाचा दिसतो आणि लोक म्हणतात फोटोग्राफरला काही येत नाही.

बारववाट

ठरलं तर मग. मूळ सीआर३ आणि एनईएफ दोन वेगळ्या डिस्कवर, एक परभणीत आणि एक सेलूला दुसऱ्या सदस्याच्या घरी. जेपेग वाचनालयाला आणि शाळेला, जीपीएस काढून. टिफ फक्त शिलालेखांचे आणि पुस्तिकेतले. पुढच्या रविवारी टॉर्च घेऊन परत बारवेत उतरतोय, पाणी वाढायच्या आत.

शेवटचा प्रश्न. नवीन डिस्क घेतली आहे. माझा लॅपटॉप विंडोजचा, सेलूच्या मित्राकडे मॅक. दोघांनाही त्यावर लिहिता आलं पाहिजे. कशी फॉरमॅट करू?

गोदातीर_नांदेड

एक्सफॅट करा, त्यावर विंडोज आणि मॅक दोन्ही लिहितात. विंडोजची एनटीएफएस ठेवली तर मॅक ती वाचेल, पण त्यावर काही लिहू देणार नाही. एक्सफॅटला एक सांभाळायचं: काढताना दरवेळी इजेक्ट करूनच वायर काढा, कॉपी अर्धवट असताना ओढली तर फोल्डरची यादी बिघडते. कॉपी झाल्यावर दोन्ही डिस्कवरच्या फाईलींचे एसएचए-२५६ चेकसम (फाईलीवरून काढलेला तपासणीचा आकडा) काढून एकमेकांशी ताडून घ्या. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल हा प्रोग्राम आधीपासूनच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. चौथी-पाचवी ओळ निघाली की फोटो इथं नक्की टाका.